वगळलेली दोन पानं

परवा धुळ्याला एका फार्मसी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मला नानांचं गाईड दिसलं. नवंकोरं. मुखपृष्ठावर हार घातलेला नानांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'विद्यार्थ्यांच्या कैवाऱ्यास विनम्र आदरांजली'. मी ते हातात घेतलं आणि मागची पानं उलटली. ती दोन पानं त्यात नव्हती. ज्या गाईडाची शेवटची प्रतसुद्धा नानांनी शोधून शोधून परत घेतली होती, तेच त्यांच्या नावाने पुन्हा छापलं होतं. श्रद्धेने! दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, पोरांनी वर्गणी काढून छापलंय. देवमाणूस होता हो."

देवमाणूस होता की नव्हता हे मला ठाऊक नाही. माणूस कसा होता ते मी सांगू शकते. ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर हारातला फोटो उरेल आणि नाना बुडतील.

नाना त्या कॉलेजात प्राध्यापक नव्हते. लॅब असिस्टंट होते. काचेची भांडी धुणं, रसायनं मोजून ठेवणं, प्रॅक्टिकलच्या दिवशी बर्नर पेटतोय ना ते बघणं, ही त्यांची नोकरी. हजेरीपटावर त्यांचं आडनाव होतं, प्राचार्य त्यांना आडनावानेच हाक मारायचे. आम्ही पोरं मात्र 'नाना' म्हणायचो. बुटके, अंगावर आयोडीनच्या डागांनी पिवळा पडलेला पांढरा कोट, खिशात कात्री आणि कात्रीला गुंडाळलेला दोरा. साक्रीकडचे होते. ऑफिसात शुद्ध बोलायचे, लॅबचं दार लोटलं की अहिराणी सुरू.

फिजिकल फार्मसी हा विषय आमच्याकडच्या पोरांचा काळ होता. औषध पाण्यात कसं विरघळतं, मलम घट्ट का, सिरपच्या तळाशी गाळ का बसतो, औषध किती दिवसांत नासतं, असल्या साध्या गोष्टी. पण पुस्तकं विटेएवढी, इंग्रजी आणि समीकरणांनी भरलेली. यावल, बोदवड, पिंपळनेरहून आलेली, मराठी शाळेतली पोरं त्या विटेवर डोकं आपटायची. एकदा नानांनी म्हणे एका भिल्ल समाजाच्या पोराला लॅबच्या कोपऱ्यात डिक्शनरी घेऊन बसलेलं पाहिलं. पृष्ठताणाचं एक पान तो तीन दिवस वाचत होता. नानांनी शेजारचा गोल फिल्टर पेपर उचलला आणि त्याच्यावर ते अख्खं पान आठ ओळींत मराठीत लिहून दिलं. गाईडाचा जन्म तो. पुढे कितीतरी दिवस ते फिल्टर पेपरवरच फिरायचं, मग छापखान्यात गेलं. नाव काय दिलं माहीत आहे? 'फिजिकल फार्मसी: परीक्षेपुरती'. एवढं प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला दिलेलं पाहिलेलं नाही.

मी बोदवडची. आमच्या घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील शिवणकाम करायचे आणि विहारातल्या कार्यक्रमांसाठी पत्रकं काढायचे. चार पानांत जग बदलायचं ही आमच्या घरची सवय. त्यामुळे नानांचं बत्तीस पानांचं गाईड हातात आलं तेव्हा मी लॅबमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे गाईड नाही, हे पत्रक आहे. ज्ञान जाड करून ठेवणाऱ्यांच्या विरोधातलं!" नाना हसले. "माय, आधी पास हो. मंग क्रांती कर."

नाना कुठलीही गोष्ट स्वयंपाकघरातून काढायचे. इमल्शन म्हणजे शेवभाजी. "तर्री वर का येते? तेल अन् पाणी नांदत नाही म्हणून. मधे कोण पाहिजे? समजूत घालणारं माणूस. त्याला इमल्सिफायर म्हणतात." सस्पेन्शन म्हणजे ताक. "ताक ढवळलं नाही तर वर पाणी, खाली गाळ. बाटली न हलवता औषध देणारा माणूस पहिल्या दिवशी पाणी पाजतो अन् शेवटच्या दिवशी विष." हे वाक्य मी आजही दुकानदारांना ऐकवते. मोठी मोठी पुस्तकं बघून ते म्हणायचे, "पोरगं बुडत असताना त्याला पोहण्याचा इतिहास सांगू नये."

एक तरुण प्राध्यापक होते, पुण्याकडून शिकून आलेले. त्यांना हे गाईड डोळ्यांत खुपायचं. एकदा स्टाफरूमच्या दारात, आमच्यादेखत ते म्हणाले, "नाना, तुमचं वाचून पोरं पास होतात, पण शिकत नाहीत."

नाना हातातलं बीकर पुसत म्हणाले, "खरं आहे सर. तुमच्याकडं शिकतात अन् नापास होतात."

आम्ही इतके हसलो की शिपायाने येऊन दटावलं. त्या प्राध्यापकाचं निम्मं वाक्य खरं होतं हे तेव्हा आमच्यातल्या एकालाही कळलं नाही.

आता नानांची खरी खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. नाना गाईड तोलायचे. लॅबमध्ये काचेच्या पेटीतला जुना तराजू होता. नवीन आवृत्तीची पानं जुळली की एका पारड्यात जुनं गाईड आणि दुसऱ्यात नवं. नवं जड झालं तर ते छापायचं नाही. त्यांचं ठाम मत होतं की गाईड एकदा फुगायला लागलं की त्याचं पुस्तक होतं, आणि पुस्तक झालं की पोरगं ते उशाखाली ठेवून झोपतं. म्हणून काही नवीन घालायचं तर जुनं काही काढायचं. आणि काय काढायचं ते नाना ठरवत नसत. परीक्षा संपली की ते आम्हाला लॅबमध्ये बोलवायचे, स्टुलावर बसायचे आणि विचारायचे, "यंदा काय नही उनं?" म्हणजे पेपरात काय आलं नाही. जे बरीच वर्षं आलेलं नसेल त्याच्यावर हात वर करून मतदान. हात जास्त झाले की खिशातून कात्री.

मला ही पद्धत फार आवडायची. अभ्यासक्रम ठरवताना आम्हाला कोणी विचारलेलं नव्हतं. इथे आम्ही ठरवत होतो!

आमच्या वर्षी इमल्शनवर नवे प्रश्न आले होते. त्यांची दोन पानं वाढली आणि पारडं खाली गेलं. दोन पानं काढायची होती. यावलजवळच्या एका खेड्यातला गोकुळ माझ्या शेजारी बसला होता. साधा, अतिशय कष्टाळू, नानांचा शब्द म्हणजे वेद मानणारा. तो म्हणाला, "नाना, तुम्हीच सांगा." मी उठून उभी राहिले. माझं बोट एका जागेवर होतं: तापमानाचा औषधावर होणारा परिणाम आणि साठवणूक. औषध किती वेगाने नासतं याची समीकरणं दरवर्षी यायची, ती राहणार होती. पण उष्णतेने तो वेग कसा वाढतो, कुठलं औषध कुठे ठेवायचं, ही दोन पानं पेपरात कधी विचारलेली कोणाला आठवत नव्हती.

"जे विचारतच नाहीत, ते गरिबाच्या पोराच्या डोक्यावर का लादायचं?" मी म्हणाले. "प्रत्येक जादा पान म्हणजे एक जादा नापास पोरगं." टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या आजही ऐकू येतात आणि कानशिलं तापतात.

नानांनी कात्री काढली, पण थांबले. त्यांनी ती पानं पुन्हा वाचली. मग स्वतःशीच हसले. "आपले ऊन शिकाडनं पडस का?"

अख्खी लॅब हसली. खरंच की! मे महिन्यात जिथे डांबराला चप्पल चिकटते, तिथल्या पोरांना उष्णता शिकवायची? आम्ही उन्हातच जन्मलेले. ते पुण्या-मुंबईच्या पोरांना शिकवा. सगळे हात वर गेले. गोकुळचा गेला, माझा तर आधीच वर होता.

"बठ्ठासना हात वर शेतस, मंग मी कोण?" नाना म्हणाले आणि त्यांनी ती पानं कापली. तराजूचा काटा मध्यावर आला. आम्ही सगळे पास झालो.

पुढे मी जळगावला औषधांच्या एका घाऊक दुकानात फार्मासिस्ट म्हणून लागले. उरलेल्या वेळात लिहू लागले. गोकुळने त्याच्या गावात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मेडिकल दुकान टाकलं. केळीच्या बागांत काम करणारी माणसं, जवळ दुसरं मेडिकल नाही. वर्ष होत आलं तेव्हा त्याचा फोन आला, "नानांना घेऊन ये. माझं दुकान त्यांनी बघितलंच नाही." नाना धुळ्याहून एसटीने जळगावला आले. मे महिना होता. गोकुळची इन्सुलिनची मागणी आमच्याकडे आलेलीच होती, ती मी बर्फाच्या पाकिटांसह थर्मोकोलच्या पेटीत घातली आणि आम्ही निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलायला लागला होता. दुकान दुपारभर बंद असायचं, ते गोकुळ नुकतं उघडत होता. नानांना बघून तो रस्त्यावरच पाया पडला. भिंतीवर लायसन्सची फ्रेम, आणि तिच्या शेजारी, तसल्याच फ्रेममध्ये, नानांचं गाईड! नाना लाजले. "येडा झाला का रे," म्हणाले, पण डोळे भरले होते. माझेही.

गोकुळचं घर दुकानाच्या मागेच. त्याची आई वत्सलाबाई चहा घेऊन दुकानातच आली. कृश बाई, हाताला कंप. नानांनी विचारलं, "अक्का, तब्येत कशी?"

"काय सांगू नाना. सुया घेऊ घेऊ पोटाची चाळणी झाली, पण साखर काही उतरत नाही. अन् हा म्हणतो, तू चोरून गूळ खाते."

"खातेच," गोकुळ हसत म्हणाला. "डॉक्टरपण तेच म्हणाले. चौदा युनिट होते, आठ महिन्यांत छत्तीस झाले. खाल्ल्याशिवाय होतं का? सूनबाईनं गुळाचा डबा कुलपात ठेवला आता."

"माह्या घरात मीच चोर," बाई म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या, पण त्यांनी पदर तोंडाला लावला. "देवाशपथ सांगते नाना, मी चिमूटभर खाल्ला नाही. पण मले कोण पुसतं?"

नाना हसता हसता थांबले. पाणी प्यायला म्हणून ते फ्रिजकडे गेले आणि दार उघडलं. आत पाण्याच्या बाटल्या, ताकाचं पातेलं आणि मागे इन्सुलिनचे खोके. नानांनी आत हात घातला आणि तो तसाच ठेवला. मला वाटलं, गारव्याला ठेवलाय. मग त्यांनी हात बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

मी जाऊन हात घातला. आत ऊब होती. पातेल्यातल्या ताकाला आंबूस वास येत होता.

"गोकुळ, फ्रिज बिघडलाय का?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. आत्ता चालू केला ना. दुकान बंद करताना मेन स्विच खाली पाडतो मी. दुपारी पण, रात्री पण. बाजूचं कापडाचं दुकान शॉर्टसर्किटनं जळालं, तेव्हापासून भीती वाटते."

"हाई कितला दिवसपाईन चालू शे?"

"दुकान टाकलं त्याच महिन्यापासून."

पत्र्याचं दुकान. मे महिन्याची दुपार. रोज तीन तास आणि सगळी रात्र. मी हिशेब करायचा थांबवला.

"अरे, पण इन्सुलिन..." नानांनी खोक्यांकडे बोट केलं.

"हो, फ्रिजमध्येच असतं की," गोकुळ निरागसपणे म्हणाला. "अन् नवा माल आधी गिऱ्हाईकाला देतो. जुन्या बाटल्या आईला. घरचंच माणूस, त्याला चालतं."

"तुला कोणी सांगितलं नाही, की..."

"कोण सांगणार नाना?" मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो हसला, जुनी गंमत सांगितल्यासारखा. "ते उन्हाचं तर आपण काढलं होतं ना!"

मला आजवर पुष्कळ लोकांनी शिव्या दिल्या आहेत. त्या वाक्याइतकं काही लागलं नाही. त्याने आरोप केला नव्हता, हे सगळ्यात वाईट.

नाना बाकावर बसले. वत्सलाबाईंना काही कळलं नव्हतं. नाना त्यांच्याकडे बघून म्हणाले, "अक्का, तुम्ही गूळ खाल्ला नाही."

"तेच तर सांगते मी."

"नाही खाल्ला. सुईत औषधच नव्हतं. पाणी झालं होतं त्याचं."

गोकुळ फ्रिजकडे धावला. त्याने एकदम फ्रिजमधले खोके ओढून जमिनीवर टाकायला सुरुवात केली. "जुनं फेक," नाना म्हणत होते, "नवं दे, आईला नवं दे." मी पेटी उघडली, बर्फातली गार बाटली काढली आणि गोकुळच्या हातात ठेवली. संध्याकाळच्या जेवणाआधीची सुईची वेळ झालीच होती. तो आत गेला, सुई देऊन आला, आणि आम्ही तिघं दुकानात वाद घालायला लागलो. आणखी कोणाकोणाला जुना माल गेला? अजून दोन गिऱ्हाइकं साखर उतरत नाही म्हणत होती. मी तावातावाने बोलत होते: पेपर काढणारे गुन्हेगार आहेत, कॉलेज गुन्हेगार आहे, तपासणीला येणारा गुन्हेगार आहे!

आम्ही तिघं फार्मसीवाले. एक शिकवणारा, दोन शिकलेले. आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की छत्तीस हा आकडा पाणी झालेल्या औषधाचा होता, आणि बाटली आता खरी होती.

आतून सुनेची किंकाळी आली. वत्सलाबाई ताटासमोर कलंडल्या होत्या, अन्नाला हात लागलेला नव्हता. अंग घामाने भिजलेलं, दातखीळ बसल्यासारखी, डोळे फिरलेले. गोकुळ "आई, आई" करत नुसता हलवत होता. मी दारात थिजले. नानांना क्षणात कळलं. ते दुकानात धावले, ग्लुकोजचं पाकीट दाताने फाडलं, बाईंना कुशीवर वळवलं आणि बोटाने गालाच्या आत ग्लुकोज चोळत राहिले. "पाणी घालू नका, घशात जाईल," ते ओरडले. "गाडी बघा, गाडी!" शेजारच्याची केळी वाहायची गाडी मिळाली. यावलच्या दवाखान्यापर्यंत नानांचं बोट त्या बाईच्या गालातून निघालं नाही.

सलाइनमधून साखर गेली आणि थोड्या वेळाने बाईंनी डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं. मग जीभ ओठांवरून फिरवली आणि क्षीण आवाजात गोकुळला म्हणाल्या, "गोड लागतं रे. आता खाल्लं, पण तूच चारलं. मले बोलायचं नाही."

गोकुळ ढसाढसा रडला. मीही.

डॉक्टरांनी डोस पुन्हा चौदावर आणला आणि विचारलं, "पण मग इतके महिने छत्तीस का लागत होतं?" मी तोंड उघडणार होते. नाना पुढे झाले. "औषध उन्हानं मेलं होतं डॉक्टर. याला सांभाळता आलं नाही कारण मी शिकवलं नाही. मी ती पानं कापली."  दोष कोणाचा ते कोणी विचारलेलं नसताना असं सांगणारा माणूस डॉक्टरांनीही पहिल्यांदाच पाहिला असावा.

दुसऱ्या दिवशी नाना परत यायला तयार नव्हते. गोकुळच्या त्या दोन गिऱ्हाइकांच्या घरी ते स्वतः गेले. नवी बाटली द्यायच्या आधी डॉक्टरांशी बोलले, आणि मगच आम्ही एसटीत बसलो. मी रात्रभर डोक्यात एक पत्रक रचलं होतं. शीर्षक तयार होतं, आरोपींची यादी तयार होती. मी ते नानांना ऐकवलं. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "चांगलं शे. दोन नावं राहिली."

"कोणाची?"

"हात तुझा, कात्री माझी. लिखशी तर ती पहिली लिख."

मी ते पत्रक काढलं नाही. आज काढते आहे, आणि माझा हात अन् त्यांची कात्री सगळ्यांत आधी लिहिली आहे.

त्यानंतर नानांनी गाईड बंद केलं. उरलेल्या प्रती पोरांकडून मागून घेतल्या. आता खरा धक्का पुढचा. ज्या प्राध्यापकाने त्यांना हिणवलं होतं, तोच लॅबमध्ये आला आणि म्हणाला, "नाना, असं एकदम बंद करू नका. निकाल खाली येईल." प्राचार्यांनीही बोलावलं. त्या दिवशी पहिल्यांदा आडनावापुढे 'साहेब' लावलं. "ती दोन पानं घालून नवी आवृत्ती काढा," असं मीही त्यांना फोनवर म्हणाले. ते म्हणाले, "नव्या पोरांना वाचायला अजून वेळ आहे, माय. जी पोरं दुकानात बसलीत, ती आता कुठं गाईड उघडतात?"

मग त्यांनी ती दोन पानं वेगळी छापून घेतली, आणि तिसऱ्या पानावर एक नवीन ओळ घातली: खराब औषध बदलून चांगलं द्याल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा, डोस चुकलेला असेल. कुठल्या वर्षाचं कोण पोरगं कुठल्या गावात दुकान चालवतं, हे नानांना पाठ होतं. दर रविवारी आणि सुट्टीला ते एसटीने एक गाव गाठायचे. दुकानात शिरून आधी नमस्कार नाही, चहा नाही. "फ्रिज उघड." आत हात घालायचे. मग पानं द्यायचे आणि समोर वाचून घ्यायचे.

सगळीकडे गोकुळ नव्हते. एकाने विचारलं, "नाना, इन्स्पेक्टर झाले का?" एकाने बायकोला सांगून 'घरी नाहीत' म्हणवलं, आणि नानांना आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. एकजण म्हणाला, "तेव्हा तुम्हीच कापलं, आता तुम्हीच शिकवता. आधी ठरवा." नाना मला हे फोनवर सांगायचे आणि म्हणायचे, "खरं बोलला तो." मला संताप यायचा. मी म्हणायचे, मी लिहिते त्याच्याविरुद्ध. ते म्हणायचे, "लिही. पण त्याचा फ्रिज त्यानं गार होणार नाही."

नानांना मी शेवटचं पाहिलं ते पिंपळनेरला. कामानिमित्त मी तिथे गेले होते. बाजाराचा दिवस, स्टँडसमोरच्या विलासच्या मेडिकलवर ही गर्दी. विलास नानांचाच विद्यार्थी, आता गावातला मोठा माणूस. दुकानासमोर डोंगरावरून आलेल्या बाया-माणसांची रांग होती, आणि रांगेत नाना उभे होते. मी शेजारच्या दुकानाच्या सावलीत थांबले.

नानांचा नंबर आला. विलास वर न बघता म्हणाला, "हं, काय देऊ?"

"फ्रिज उघड."

"नाना, सांगितलं ना तुम्हाला मघाशी? गिऱ्हाईक थांबलंय. वेळ नाही मला."

"बरं," नाना म्हणाले. मागच्या बाईला वाट दिली आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.

मी बघत राहिले. हे किती वेळा झालं होतं कोण जाणे. पुन्हा त्यांचा नंबर आला, पुन्हा तेच दोन शब्द, पुन्हा विलासने हात झटकला, पुन्हा नाना मागे. साठीचा माणूस, डोक्यावर रुमाल, हातात पानांचं पुडकं. माझ्या मुठी वळल्या. वाटलं, जावं आणि त्या विलासची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढावी. रांगेत एव्हाना कळलं होतं की हा बाबा औषधं नासलीत का ते बघायला आलाय. तेवढ्यात नानांच्या पुढच्या बाईने, कडेवर लेकरू होतं तिच्या, पिशवीतून सिरपची अर्धी बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. "बाबा, हाई बी देखा ना. चांगली शे का?"

नानांनी बाटली उजेडात धरली, हलवली, झाकण काढून वास घेतला. "कुठं ठेवस?" तिने सांगितलं. नाना तिला काहीतरी समजावू लागले. त्यांच्या मागच्या म्हाताऱ्याने मान पुढे काढली. मग त्याच्या मागच्याने. कोणी पिशवीतून मलम काढलं, कोणी थेंबांची कुपी. बघता बघता रांगेतली माणसं काउंटरकडे पाठ करून उभी राहिली. विलास हातात बिलबुक घेऊन समोरच्या पाठी बघत राहिला. काउंटरपाशी कोणीच नव्हतं.

त्याने बिलबुक ठेवलं. मागे वळून फ्रिजचं दार सताड उघडलं आणि तिथून ओरडला, "नाना, या हो आत! उघडला. घाला हात."

नानांनी वर पाहिलं. त्यांच्या पुढे अजून सहा माणसं होती.

"थांब रे भाऊ," ते म्हणाले. "मन्हा नंबर येऊ दे."